टस्कनी आणि उंब्रियाची गावं: पहिल्यांदाच, आपलं आपण जाणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला आम्ही आठ दिवसांत अकरा गावं केली. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. परत आल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "कशी वाटली इटली?" बाबा म्हणाले, "चांगली आहे. पार्किंग फार लांब असतं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सकाळी दहाला गावाच्या पायथ्याशी गाडी लावायची, धापा टाकत चढ चढायचा, बसमधून उतरलेल्या गर्दीच्या मागे उभं राहून चर्च बघायचं, दोन वाजता जेवण शोधायचं आणि तीनला पुढच्या गावाकडे निघायचं. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा दहा रात्रींत चारच पलंग बदलले आणि गावं बघितल्यासारखी वाटली. टेकडीवरची ही गावं अकरा ते पाच पाहुण्यांच्या ताब्यात असतात. साडेपाचला बस निघून जातात, मग दगडी बाकांवर गावातल्या आज्या येऊन बसतात, पोरं चर्चच्या भिंतीवर चेंडू मारू लागतात. ही वेळ ज्याला मिळाली त्याला गाव मिळालं. म्हणून काय बघायचं याची यादी करण्याआधी रात्री कुठे काढायच्या ते ठरवा. पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

१. आधी महिना ठरवा

फोटोत दिसतात ती हिरवीगार, मऊ टेकाडं एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत असतात. तो गहू असतो. जूनमध्ये पिवळा पडतो, जुलैत कापतात आणि ऑगस्टमध्ये उरतात नांगरलेली करडी ढेकळं. मे महिन्याचा फोटो बघून ऑगस्टचं तिकीट काढणारे मी दोघं-तिघं तरी पाहिलेत. ऑगस्टात ऊनही आपल्या विदर्भाची आठवण करून देणारं असतं आणि १५ तारखेच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत द्राक्षांची काढणी, त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत ऑलिव्हची. हिरवळ नसते, पण शेतात माणसं असतात. शाळांच्या सुट्ट्यांमुळे मेमध्येच जावं लागणार असेल तर उत्तमच, फक्त २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत हे लक्षात ठेवून खोल्या आधी घ्या.

२. दहा रात्रींचा साचा

आमचा दुसऱ्या खेपेचा साचा असा होता. हवा तसा बदला, पण मुक्कामांची संख्या वाढवू नका.

ओर्व्हिएतो, २ रात्री. व्हाल दोर्चा खोऱ्यात शेतावरचं घर, ५ रात्री. सिएना, २ रात्री. फ्लोरेन्स, १ रात्र आणि तिथूनच परतीचं विमान.

रोमला उतरलात तरी पहिल्या दिवशी रोममध्ये थांबू नका. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला पोचवते, तिकीट १४ युरो. तिथून ओर्व्हिएतो रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास. रोम हे वेगळं प्रकरण आहे, त्याला वेगळी सुट्टी द्या. पिसाचा मनोरा या वाटेवर येत नाही. आईला तो बघायचाच होता, पहिल्या खेपेला बघून झाला, त्यात अख्खा दिवस गेला.

३. व्हिसा

इटलीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटकडे जातात, पण अर्ज घ्यायचं काम व्हीएफएस या खासगी कंपनीच्या केंद्रात होतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळच मिळत नाही, तेव्हा तीन महिने आधी हात घाला. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ आणि त्याखालच्यांना काही नाही. केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळत नाहीत.

सोबत न्यायचे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेपुढे किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही न्या.
- भरलेला अर्ज आणि अलीकडचे फोटो.
- प्रवासी विमा: किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांसाठी.
- येण्याजाण्याच्या विमानाचं आरक्षण.
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा.
- बँकेचं शिक्का मारलेलं विवरण, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीचे कागद. निवृत्तांसाठी पेन्शनचा कागद.
- दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं, सरळ पत्र: कोण आहोत, कुठे जातोय, खर्च कोण करतोय.

यातला सापळा मुक्कामाच्या पुराव्यात आहे. शेतावरची घरं बऱ्याचदा मालकिणीला ईमेल करून ठरतात आणि ती बाई आनंदाने "या, या, खोली ठेवली" एवढंच उत्तर पाठवते. तेवढ्याने भागत नाही. पत्त्यासह, तारखांसह आणि चौघांचीही पासपोर्टवरची नावं घालून कागद मागून घ्या. आमच्या कागदावर फक्त नवऱ्याचं नाव होतं. आई-बाबांचा अर्ज त्यावरून अडला आणि खिडकीपाशी उभं राहून इटलीला फोन लावावा लागला. तिकडे पहाटेचे सहा वाजले होते. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन डिजिटल नोंद करायला सुरुवात झाली आहे. पहिल्यांदा नोंद करताना वेळ जातो. विमान उतरल्यावर तासाभराने सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढून ठेवू नका.

४. शेतावरचं घर घेताना

तिथे याला आग्रितुरिस्मो म्हणतात. नावापुरतं नाही, कायद्याने ती चालती शेती असावी लागते आणि पाहुणे हा जोडधंदा असावा लागतो. आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रांची आठवण येईल, पण इथे बैलगाडीची फेरी आणि हुरडा असा कार्यक्रम कुणी लावत नाही. मालक त्याच्या कामात असतो. तुम्ही ओट्यावर बसा, डोंगर बघा, कंटाळा आला तर झोपा.

घर निवडताना मी आता चार गोष्टी विचारते. स्वयंपाकघर आहे का, कारण आठवड्यातून तीनदा तरी वरण-भात लागतोच. शेवटचा रस्ता डांबरी की खडीचा. त्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर धूळ फार आणि भाड्याच्या गाडीला खालून दगड लागले तर विमा बहुतेक वेळा हात वर करतो. खोली कोणत्या मजल्यावर, कारण जुन्या घरांत लिफ्ट नसते. आणि किराणा दुकान किती लांब.

शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. रविवारी संध्याकाळी पोचलो, जवळच्या गावातलं दुकान बंद, सोमवारी सकाळपर्यंत उघडणार नव्हतं. रात्रीचं जेवण म्हणजे आईने बॅगेत कोंबलेला भडंगाचा पुडा आणि मालकिणीने दिलेले टोमॅटो. छान झालं जेवण, पण ठरवून करू नये. मुक्काम बदलायचा दिवस रविवार ठेवू नका, एवढंच.

इटलीत घरांच्या न्हाणीघरात बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुवायचं बसकं भांडं असावं असा १९७५चा सरकारी नियमच आहे. युरोपात टिश्यू पेपरवर दिवस काढायच्या भीतीने घरी बसलेल्या ज्येष्ठांना ही बातमी जरूर द्या.

मुक्कामाच्या पैशांवर गावाचा पर्यटन कर वेगळा लागतो, माणशी, दर रात्री, आणि तो पुष्कळदा रोख मागतात. पासपोर्टही मागतील. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे देणं त्यांना बंधनकारक असतं, तेव्हा बिचकू नका.

५. गाडी: इथे सावकाश वाचा

ओर्व्हिएतो, सिएना, फ्लोरेन्स एवढंच करायचं असेल तर गाडी नको. फ्लोरेन्सहून सिएनाला थेट बस आहे, सव्वा तास लागतो आणि ती रेल्वेपेक्षा सोयीची, कारण गावाच्या माथ्यावर सोडते. सिएनाचं रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे, तिथून सरकते जिने चढत यावं लागतं. प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्या. खिशात तिकीट असूनही दंड होतो तो याच कारणाने.

व्हाल दोर्चामध्ये मात्र गाडीवाचून गत नाही.

लागणाऱ्या गोष्टी: मूळ लायसन्स, आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. परवान्यासाठी परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्स लागतं, मुदत एक वर्ष. हा परवाना एकटा चालत नाही, लायसन्स सोबत हवंच. डेबिट कार्डावर गाडी मिळेल असं गृहीत धरू नका. काउंटरवर अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, आणि नवऱ्याचं नाव चालक म्हणून, कार्ड माझं, असं चालत नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच तसं नोंदवा. नाहीतर गिअरची मिळते, आणि उजव्या हाताने गिअर टाकत उजव्या बाजूने डोंगरी रस्ता चालवणं पहिल्याच दिवशी नको.

रस्त्याचे नियम थोडक्यात: हिरव्या पाट्या म्हणजे टोलचा महामार्ग, वेग १३०. निळ्या पाट्या म्हणजे बाकीचे रस्ते, बहुतेक ठिकाणी ९०, गावात ५०. गावाबाहेर दिवसाही दिवे लावायचे. चौकातल्या गोलात आधीच फिरणाऱ्याला वाट द्यायची. टोल नाक्यावर शिरताना चिठ्ठी घ्यायची, बाहेर पडताना पैसे. पिवळ्या टेलेपासच्या (त्यांचा फास्टॅग) रांगेत घुसायचं नाही. पाटीवर फ्लोरेन्स कुठेच दिसणार नाही, फिरेन्झे शोधा. पेट्रोल म्हणजे बेन्झिना, डिझेल म्हणजे गासोलिओ. पंपावर 'सेर्व्हितो' लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि दर जास्त लावतो. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या आपल्या नाहीत.

आणि आता झेड-टी-एल. इटालियन लोक 'झेता-ती-एले' म्हणतात. जुन्या गावाच्या वेशीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल गोलाची पाटी असते: मर्यादित वाहतुकीचा विभाग. ना फाटक, ना शिपाई. वर फक्त कॅमेरा. आत शिरलात की नंबर टिपला. बाहेर पडून चूक कळून परत वळताना दुसऱ्या कॅमेऱ्याखालून गेलात की दुसरा दंड. पाटीवर 'व्हार्को आत्तीव्हो' लिहिलं असेल तर विभाग चालू आहे, म्हणजे आपल्याला बंद. हे उलटं वाटतं, पाठच करा.

आमचं असं झालं: फोनमधल्या नकाशाने "डावीकडे वळा" म्हटलं, आम्ही वळलो. दीड मिनिटात बाहेर. सुट्टी संपली, दिवाळी झाली आणि फेब्रुवारीत गाडी भाड्याने देणाऱ्यांनी कार्डावरून काही युरो कापले. हा दंड नव्हे, आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची त्यांची फी. दंडाचं पत्र त्यानंतर पुण्याच्या पत्त्यावर आलं, ऐंशी युरोंच्या वर, टपालखर्च वेगळा. परदेशी माणसाला दंड कळवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. पत्र मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट मिळते, तेव्हा पाकीट "नंतर बघू" म्हणून फ्रिजवर ठेवू नका.

उपाय सोपा आहे. नकाशात गावाचं नाव घालू नका, वेशीबाहेरच्या पार्किंगचं नाव घाला. सिएनासाठी 'सांता कातेरिना' पार्किंग चांगलं, तिथून सरकत्या जिन्यांनी वर जाता येतं. मुक्काम जुन्या गावात असेल तर हॉटेलला आधी लिहून विचारा की सामान उतरवायला गाडी आत आणता येईल का आणि ते आमच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवतील का.

फ्लोरेन्समध्ये तर गाडी नेऊच नका. शहराबाहेर पेरेतोला विमानतळावर परत करा आणि टी-२ ट्राम पकडा, वीसेक मिनिटांत गावात.

६. ओर्व्हिएतोपासून सुरुवात का

कारण इथे थकलेल्या पायांना उतारा आहे. रेल्वे स्टेशनसमोरून १८८८ साली सुरू झालेली केबलवर ओढली जाणारी गाडी थेट कड्यावरच्या गावात नेऊन सोडते. वर उतरल्या उतरल्या सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवे क्लेमेंट पळून या कड्यावर आले आणि वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने ही विहीर खोदायला लावली. बारव बघत वाढलेल्या माणसाला ती पाहताना मजा येते. इथे विहिरीच्या भोवती एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत, एकाने खेचरं रिकामी उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, वाटेत समोरासमोर कधीच यायची नाहीत. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या. बाबांनी खाली उतरून वर येताना प्रत्येक वळणावर आपल्याकडच्या विहिरींबद्दल काहीतरी सांगितलं. ते दम लागल्यामुळे थांबत होते हे आम्हाला नंतर कळलं.

कॅथेड्रल संध्याकाळी बघा, पश्चिमेकडून ऊन समोरच्या सोनेरी मोझेइकवर पडतं तेव्हा. आतमध्ये सान ब्रिझिओच्या दालनात सिन्योरेल्लीने रंगवलेला कयामतीचा दिवस आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम इटलीतल्या सगळ्याच चर्चना लागू, पर्समध्ये ओढणी असू द्या. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियाझ्झा देल पोपोलोमध्ये बाजार भरतो, पुढच्या पाच दिवसांची भाजी तिथेच भरून घ्या.

तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळून गाडी घेतलीत की आधी चिव्हिता दि बान्योरेज्जोला जाऊन या, वीसेक किलोमीटर आहे. खालची माती ढासळत चाललेल्या सुळक्यावर उरलेलं गाव, कायमचे राहणारे जेमतेम डझनभर, जायला फक्त पायी पूल, त्याला तिकीट. पूल लांब आणि शेवटी चांगलाच चढा आहे. गुडघे दुखत असतील तर समोरच्या सज्ज्यातूनच बघा, खरं रूप तिथूनच दिसतं.

७. व्हाल दोर्चाचे पाच दिवस

इथे कार्यक्रम आखू नका असं मी सांगितलं तरी तुम्ही आखाल, म्हणून निदान हा आखा.

सकाळी आठच्या आत पिएन्झा. कोर्सिन्यानो नावाचं एक साधं खेडं होतं, तिथे १४०५ मध्ये जन्मलेला मुलगा पुढे पोप दुसरे पायस झाला आणि १४५९ मध्ये त्याने आपलं गावच नव्याने बांधायला काढलं. रोस्सेल्लीनो या वास्तुविशारदाने तीनेक वर्षांत चौक, चर्च, वाडा उभा केला. पोप गेल्यावर काम थांबलं, गाव तसंच राहिलं. चौक इतका लहान आहे की पहिल्यांदा "एवढंच?" असं वाटतं. वाडा उघडला की त्याच्या मागच्या ओसरीत जा. समोर अख्खं खोरं आणि त्यापलीकडे १,७३८ मीटर उंचीचा आमियाता डोंगर. माणसाने घर बांधताना आधी खिडकी कुठे हवी ते ठरवलं असावं. गावभर पेकोरिनो चीजचा वास असतो, मेंढीच्या दुधाचं. चाखायला देतात, न घेता निघालात तरी चालतं.

बान्यो विन्योनीत गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई, पण पाणी पुढे कड्याकडे वाहत जातं तिथे पाय सोडून बसता येतं. अंगभर डुंबायचं असेल तर बान्यी सान फिलिप्पोच्या जंगलातले पांढरे चुन्याचे झरे, फुकट आहेत, जुने कपडे आणि पाण्यातल्या चपला न्या. वज्रेश्वरीला गेलेल्यांना गंधकाच्या वासाचं नवल वाटणार नाही.

सान क्विरिको, पिएन्झा आणि मोन्तेपुल्चानो यांना जोडणारा रस्ता एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी चालवा. सायप्रस झाडांच्या रांगेपुढे फोटोसाठी शेतात शिरू नका, ते कुणाचं तरी उभं पीक असतं. बाराव्या शतकातला सांत आन्तिमोचा मठ अर्ध्या दिवसाचा. सान जिमिन्यानो, ७२ पैकी १४ मनोरे उरलेलं, इथून लांब पडतं. जायचंच तर सिएनाहून जा.

एक दिवस मात्र मोन्तोनेसाठी काढा. ते उंब्रियात आहे, पुस्तकांत फारसं सापडत नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही, नाव कासीनोच्या युद्धस्मारकावर आहे. २०२३ मध्ये मोन्तोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, 'आपण सगळे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. पार्किंगबद्दल काही बोलले नाहीत.

८. जेवण, शाकाहार आणि वेळ

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद, दुकानंही एक ते चार बंद. तीन वाजता भूक लागली तर बारमध्ये सँडविच मिळेल. बार म्हणजे तिथे कॉफीचं दुकान. उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ते ब्रेडचे आणि टेबलाचे, फसवणूक नाही. टिप द्यावीच असं नाही.

टस्कनीचा ब्रेड अळणी असतो. चुकून मीठ राहिलं असं समजून परत करू नका.

शाकाहारींची इथे चंगळ आहे, पण शब्द माहीत हवेत. "सोनो व्हेजेतारियाना", पुरुष असाल तर "व्हेजेतारियानो", एवढ्यावर थांबू नका, "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" जोडा: मांस नको, मासे नकोत. पुष्कळ सॉसमध्ये 'आच्चूगे' नावाची बारीक खारवलेली मासळी विरघळलेली असते आणि सूपचा 'ब्रोदो' मांसाचा असू शकतो. बिनधास्त मागवा: पिची आल्लालिओने, म्हणजे पीठ-पाण्याच्या हाताने वळलेल्या जाड शेवया आणि खोऱ्यातल्या मोठ्या लसणीचा टोमॅटो सॉस. पाप्पा आल पोमोदोरो, शिळ्या ब्रेडचं टोमॅटोतलं गरगट, आपल्या फोडणीच्या पोळीची बहीण. रिबोल्लिता हे कोबी-घेवड्याचं दाट कालवण, त्यात कधी हॅम घालतात, विचारून घ्या. अंडं खात नसाल तर ताज्या चपट्या पास्त्यात ते असतं, पिचीत बहुधा नसतं.

चीजचा मुद्दा सांगावाच लागेल. पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या द्रव्याने विरजतात, बरीच पेकोरिनोही तशीच. ज्यांना चालत नाही त्यांनी वेष्टनावर 'कालिओ व्हेजेताले' (वनस्पतीचं रेनेट) शोधावं किंवा "सेन्झा फोर्माज्जो", म्हणजे चीज नको, म्हणावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघराचं घर घेतल्याशिवाय जाऊ नये. चहाची पावडर आपली न्या. छोटा कुकर आम्ही नेला होता, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. साधा मोबाइल चार्जर बसतो, बाकीसाठी अ‍ॅडाप्टर लागतो.

९. सिएना आणि शेवटचा दिवस

सिएनाला संध्याकाळी पोचा आणि कांपो चौकाच्या उतरत्या विटांवर बसा. २ जुलै आणि १६ ऑगस्टला इथे पालिओची घोड्यांची शर्यत होते, सतरा वस्त्यांपैकी दहांचे घोडे धावतात. त्या दिवसांत खोल्यांचे दर आणि गर्दी दोन्ही हाताबाहेर. बुधवारी सकाळी किल्ल्याजवळ मोठा बाजार भरतो.

चौकातल्या नगरभवनात लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेलं चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचं भित्तिचित्र आहे. शेतावरच्या पाच दिवसांनंतरच ते बघा: तीच टेकाडं, तसेच मळे, वेशीतून बाहेर जाणारे लोक आणि त्यातच पांढऱ्या पट्ट्याचं डुक्कर हाकत आणणारा शेतकरी. ती जात आजही तिथे पाळतात, आमच्या घराशेजारीच चार होती. कॅथेड्रलच्या बाजूला छप्पर नसलेल्या उंच भिंती दिसतील. त्याहून प्रचंड देऊळ बांधायला काढलं होतं, १३४८ च्या प्लेगने माणसंच नेली.

फ्लोरेन्सला एकच रात्र ठेवली, कारण तेही वेगळं प्रकरण. संग्रहालयांपैकी एकच निवडा, वेळ आधी घ्या. उफीत्सी सोमवारी बंद. एखाद्या दुकानातून ७० युरोंच्या वर खरेदी केलीत तर करपरतीचा कागद मागा, विमानतळावर सामान देण्याआधी त्याची नोंद करावी लागते.

परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या आणि सकाळ कासीने बागेसाठी ठेवा. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले. वय वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि १८७४ मध्ये तिथे रंगीत छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. जवळच्या पुलाला लोक आजही 'इंदियानो' म्हणतात. टी-१ ट्रामचा कासीने थांबा बागेच्या शहराकडच्या टोकाला आहे, छत्री पार पश्चिमेच्या टोकाला, तीनेक किलोमीटर. रस्ता सपाट आणि सावलीचा. चालत जायला पाऊण तास धरा, परत यायला तेवढाच, आणि हॉटेलात बॅगा आधीच भरून खाली ठेवून निघा.